परदेशांतील सात वार

परदेशगमन हा विषय आतां नवलाईचा राहिलेला नाहीं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली यांपैकीं कोणत्याही उपनगरांतील एखादी जुनी इमारत घ्या; तींतील एखाद्या तरी बिऱ्हाडाचा मुलगा अगर मुलगी समुद्रापलीकडे असावयाची, आणि आईबापांनीं वर्षा-दोन वर्षांआड विमानांत बसून तिकडे एक खेप करावयाची, असा जणूं परिपाठच पडून गेला आहे. मंडळी परत आलीं म्हणजे शेजारीपाजारी जमतात व पहिला प्रश्न विचारतात तो हा कीं, "काय काय पाहिलेंत?" मग राजवाडा, नदीवरचा पूल, मोठें घड्याळ यांचीं छायाचित्रें हातोहात फिरतात आणि चहा होऊन बैठक मोडते. परंतु ज्याला तेथें पांच महिने राहावयाचें असतें, त्याच्या वांट्याला राजवाडा एकच दिवस येतो. बाकीचे दिवस येतात ते सोमवार, मंगळवार असे साधे वारच. त्या साध्या वारांविषयीं कोणी विचारीत नाहीं व कोणी सांगतही नाहीं. आमच्या मतें परक्या देशाची खरी ओळख पटते ती तेथल्या घरांतलें काम कोण करतें, आणि काम संपल्यावर रिकामा वेळ कोणाच्या हातीं लागतो, हें पाहिल्यानें.

सन २०२४ च्या मे महिन्यांत आम्ही उभयतां लंडनच्या वायव्येस असलेल्या हॅरो नांवाच्या उपनगरांत मुलाकडे राहावयास गेलों व ऑक्टोबरांत परत आलों. मुलगा व सूनबाई दोघेंही नोकरी करणारीं. नातू सहा वर्षांचा. हॅरोच्या टेकडीवर १५७२ सालीं सनद मिळालेली एक प्रख्यात शाळा आहे व तींत पंडित जवाहरलाल नेहरू १९०५ ते १९०७ पर्यंत शिकत होते. जन्म शाळेंत घालविल्यामुळें ती वास्तु आम्हीं बाहेरून कां होईना, भक्तिभावानें पाहिली. परंतु खरी जवळीक वाटली ती बाजाराची. १९७२ सालीं युगांडांतून बाहेर घालविण्यांत आलेलीं अनेक गुजराती कुटुंबें लंडनच्या या भागांत येऊन स्थिरावलीं. त्यामुळें कोथिंबिरीची जुडी हातांत घेतली कीं, मुलुंडच्या बाजारांत ऐकूं येते तीच भाषा तेथेंही कानीं पडे, आणि सात समुद्र ओलांडून आपण घाटकोपरलाच उतरलों कीं काय, असा क्षणभर भास होई.

वारांचीं नांवें तर दोन्हीकडे एकाच अर्थाचीं आहेत. त्यांचा संडे हा सूर्याचा, मंडे चंद्राचा, सॅटर्डे शनीचा. पण वार तेच असले तरी ते वाटले जातात निराळे. हें दाखविण्यासाठीं त्या पांच महिन्यांतील एकच आठवडा, १७ जून ते २३ जून, वाचकांपुढें ठेवतों.

सोमवार उजाडला तो एकादशीचा. आतां त्या घरच्या स्वयंपाकघरांतील एका कागदाची हकीकत आधीं सांगितली पाहिजे. फ्रीजच्या दारावर चिकटविलेल्या त्या कागदावर सात वारांचे सात रकाने आंखलेले होते. सोमवार व गुरुवारचा स्वयंपाक मुलाचा, मंगळवार व शुक्रवारचा सूनबाईचा, बुधवारीं आदल्या दिवसांचें उरलेलें, शनिवारीं दोघांनीं मिळून, रविवारीं जसें जमेल तसें. खालीं भांडीं, कपडे, केर, कचरा यांचीही अशीच वांटणी. तेथें कामवाली ठेवणें मध्यम स्थितीच्या माणसाला परवडत नाहीं. २०२४ च्या एप्रिलपासून एकवीस वर्षांवरील माणसाला तासाला किमान ११ पौंड ४४ पेन्स दिलेच पाहिजेत, असा कायद्यानें दर ठरला होता. ज्या देशांत दुसऱ्याच्या श्रमाची किंमत इतकी चोख मोजावी लागते, त्या देशांत घरांतल्या श्रमाचाही हिशेब मांडण्याची संवय आपोआप लागते.

मे महिन्यांत आम्ही पोंचलों, त्याच्या दुसऱ्याच दिवशीं आमच्या सौ.नीं पदर खोंचून ओट्याचा ताबा घेतला. तीन दिवस पोळ्यांचा डबा भरलेला, वरण-भात वाफाळलेला. चौथ्या दिवशीं सूनबाई अगदीं हळूं आवाजांत म्हणाली, "आई, तुम्ही रोज करूं लागलांत तर तुम्ही गेल्यावर आमची घडी पुन्हां बसायला महिना जाईल. बुधवार तुमचा. बाकीचे दिवस तुम्ही नुसत्या बसा."

त्या रात्रीं सौ.ना झोंप आली नाहीं. "अहो, बसा म्हणजे काय? मी काय पाहुणी आहें?" असें त्या दोनदां म्हणाल्या. सूनबाईचा हेतु वाईट नव्हता, हें त्यांनाही समजत होतें. परंतु ज्या बाईनें एकोणचाळीस वर्षें आठ-दहा माणसांच्या घरांत सकाळचा पहिला चहा आणि रात्रीचें शेवटचें झांकपाक केलें, तिला ओट्यापासून दूर बसविणें म्हणजे तिचें राज्य काढून घेण्यासारखें होतें. तो कागद कित्येक दिवस त्यांच्या डोळ्यांत खुपत होता.

तर त्या एकादशीच्या दिवशीं पाळी मुलाची होती. सोमवारीं तो घरूनच कचेरीचें काम करीत असे. सकाळीं त्यानें स्वतः साबुदाणा भिजत घातला, आणि संध्याकाळीं दोन बैठकांच्या मधल्या वेळांत खालीं येऊन जिरें-मिरचीची फोडणी टाकली. सौ. खुर्चीवर मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. तीनदां उठल्या, तीनदां मुलानें "आई, बस गं" म्हणून बसविलें. खिचडी मोकळी झाली होती. "दाण्याचें कूट जरा कमी पडलें," एवढेंच सौ. म्हणाल्या, आणि पुन्हां वाढून घेतली.

मंगळवारीं मुलुंडहून थोरल्या वहिनींचा फोन आला. "आज एकादशी, तुम्हीं काय केलेंत?" सौ. चपापल्या, आपला उपवास तर काल झाला! त्यांचें समाधान करणें आमच्याकडे आलें. तिथि ही चंद्र-सूर्यांच्या अंतरावर मोजलेली असल्यामुळें ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणीं सुरू होते व एकाच क्षणीं संपते. पण दिवसाला तिथीचें नांव मिळतें तें त्या त्या गांवच्या सूर्योदयावरून. ती एकादशी मंगळवारीं मुंबईच्या घड्याळाप्रमाणें सकाळीं सहा चोवीसला संपत होती. तेथें सूर्य सहाच्या सुमारास उगवून चुकला होता, म्हणून एकादशी मंगळवारीं धरली गेली. त्याच क्षणीं लंडनांत मध्यरात्र उलटून अजून दोन वाजावयाचे होते. तेथील सूर्य उगवेपर्यंत द्वादशी लागलेली, म्हणून तेथें एकादशी सोमवारचीच. पंचांग परदेशीं नेतां येतें. सूर्योदय मात्र तेथलाच घ्यावा लागतो. हें उत्तर वहिनींना फोनवरून ऐकविलें. त्या म्हणाल्या, "तुमचें शास्त्र तुमच्यापाशीं. खिचडी कोणी केली तें सांगा." मुलानें केली, हें ऐकून पलीकडे बराच वेळ शांतता होती.

जून महिन्यांत तेथें सूर्य पांच वाजण्याआधीं उगवतो व रात्रीं नऊ वाजून वीस मिनिटांनीं मावळतो. साडेसोळा तासांचा दिवस! सायंसंध्येला बसावें तर नातवाची निजण्याची वेळ केव्हांच टळून गेलेली. एवढ्या लांब दिवसांत करावयाचें काय, हा त्या मंगळवारचा खरा प्रश्न होता. मुलगा व सून कामावर, नातू शाळेंत. मुलुंडला दुपारीं दारावरची घंटा स्वस्थ बसूं देत नाहीं. कधीं भाजीवाली, कधीं इस्त्रीवाला, कधीं शेजारच्या काकू वाटीभर अळूवडी घेऊन, कधीं नुसतेंच "काय चाललंय?" विचारण्यासाठीं कोणी. हॅरोच्या त्या घराची घंटा दिवसचे दिवस वाजत नसे. रस्ता स्वच्छ, फुलांनीं भरलेला, आणि निर्मनुष्य.

शेजारीं एक वृद्ध इंग्रज गृहस्थ एकटे राहात. पत्नी वारलेली, मुलगी दूर. कुंपणापलीकडून ते हवेबद्दल बोलत, आणि कोणत्या दिवशीं कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर ठेवावयाचा, हें आम्हांस न चुकतां सांगत. मुलीची भेट नाताळांत होते, असें एकदां ते सहज बोलून गेले. आम्हांस प्रथम ते कचऱ्याच्या बाबतींत फार काटेकोर वाटले. पुढें ध्यानांत आलें कीं, आठवड्यांतून कोणाशीं बोलावयास त्यांच्यापाशीं तेवढेंच निमित्त होतें. २०१८ च्या जानेवारींत ब्रिटिश सरकारनें लोकांच्या एकाकीपणाचा विचार करण्यासाठीं एका मंत्र्याची नेमणूक केली, ही बातमी त्या काळीं येथें चेष्टेचा विषय झाली होती. कुंपणाशीं उभे असलेले ते गृहस्थ पाहिल्यावर ती चेष्टा करण्याची इच्छा राहात नाहीं.

बुधवार सौ.चा. त्या दिवशीं उरलेलें खावयाचें हा नियम त्यांनीं केव्हांच मोडीत काढला होता. आमटी, दोन भाज्या, कोशिंबीर, पोळ्या, वर शिरा, असा दर बुधवारीं एक लहानसा सणच होई, आणि शेजारच्या गृहस्थांकडे झांकलेली वाटी जाई. सवा तीन वाजतां नातवाला शाळेंतून आणण्याचें काम आमचें. लहान मुलांना ओळखीच्या माणसाच्या हातीं दिल्याखेरीज तेथें शाळेबाहेर सोडीत नाहींत, म्हणून फाटकाशीं आजी-आजोबांची चांगलीच गर्दी असे. शाळेचें इंग्रजी नांव ज्या ग्रीक शब्दापासून निघालें, त्याचा मूळ अर्थ 'फुरसत' असा आहे. पोटापाण्याच्या उद्योगांतून सुटलेल्या वेळांत विद्या होते, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे पाठशाळेंत अमावास्या, पौर्णिमा, चतुर्दशी, अष्टमी हे अनध्यायाचे दिवस असत. म्हणजे विद्येला फुरसत लागते हें त्यांनीं जाणलें, व विद्येपासूनही फुरसत लागते हें आपल्या शास्त्रकारांनीं जाणलें. स्वयंपाकघराला अनध्याय सांगितलेला मात्र आमच्या वाचनांत कोठें आलेला नाहीं.

गुरुवारीं एक गोष्ट घडली. हॅरोच्या सार्वजनिक वाचनालयांत दुपारीं दोन ते चार विणकाम करणाऱ्या बायकांची बैठक भरे. सूनबाईनें दोन आठवडे सौ.च्या मागें लागून त्यांना तेथें जावयास तयार केलें. इंग्रजी बोलण्याची त्यांना धास्ती होती. पण सुयांना भाषा लागत नाहीं. आम्ही नातवाला घेऊन साडेतीनला तेथें पोंचलों, तेव्हां सौ. एका आयरिश बाईला उलट टांका कसा घ्यावा तें दाखवीत होत्या. पलीकडे कंपालांत जन्मलेल्या एक गुजराती आजी दोघींमध्यें दुभाषाचें काम करीत होत्या, आणि तिघीही हंसत होत्या. आम्हीं त्यांना उठविलें नाहीं. नातवाला चित्रांचें पुस्तक देऊन दुसऱ्या टोकाला बसलों.

परततांना वाटेंत सौ. म्हणाल्या, "चार वाजले, तशी मी उठलें. मग ध्यानांत आलें, कोणाचाच चहा टाकायचा नाहीं. पुन्हां बसलें. असं बसलेलं मला लग्न झाल्यापासून आठवत नाहीं."

हें त्या तक्रारीच्या सुरांत बोलल्या नाहींत. एखादी हरवलेली वस्तु कपाटाच्या तळाशीं सांपडावी आणि ती आपलीच कीं काय, असा संशय यावा, तसा तो सूर होता. घरीं आल्यावर चहा आम्हीं टाकला. संध्याकाळीं पांचला इंग्लंड व डेन्मार्क यांचा फुटबॉलचा सामना होता, म्हणून मुलानें आपल्या पाळीचा स्वयंपाक आधींच उरकला होता. तो व नातू दूरदर्शनासमोर ओरडत बसले. सामना एक-एक असा बरोबरींत सुटला. वर्षांतला सर्वांत मोठा दिवस तो. रात्रीं दहाला खिडकींतून अजून उजेड दिसत होता, व सौ. त्या उजेडांत विणीत होत्या.

शुक्रवारीं वटपौर्णिमा. वडाला थंडी सोसत नाहीं. लंडनांत तो उघड्यावर वाढत नाहीं. पण बैठकीच्या खोलींत शोभेसाठीं जीं हिरवीं रोपें कुंडींत ठेवतात, त्यांतील एक जात वडाच्याच गोत्रांतली, इंग्रजींत फायकस म्हणतात ती, सूनबाईच्या घरीं होती. संध्याकाळीं ती कामावरून आल्यावर दोघींनीं त्या कुंडीभोंवतीं सूत गुंडाळलें. फेरे घालावयास जागा नव्हती, म्हणून नातवानें टेबल ओढलें. पाळी सूनबाईची, पण ती पूजेला बसली म्हणून भाताचा कुकर मुलानें लावला, आणि त्या बदल्यांत पुढच्या सोमवारीं सूनबाईनें एक भाजी करावयाची, असें तेथल्या तेथें ठरलें. सात जन्मांचें मागणें मागतांना असा रोखठोक हिशेब शेजारीं चालूं असणें आम्हांस जरा चमत्कारिक वाटलें. मागाहून विचार केला तेव्हां वाटलें कीं, सात जन्म एकत्र काढावयाचे असतील तर कुकर कोणीं लावावयाचा हें ठरलेलें असणेंच बरें.

शनिवारची सकाळ घर झाडण्या-पुसण्याची. दुपार वेंब्लीच्या ईलिंग रस्त्यावरील बाजाराची. कढीलिंब, गंवार, ताजें खोबरें सर्व कांहीं मिळालें. भाव मात्र मनांतल्या मनांत रुपयांत मांडूं नये. साडेतीनपासून भारत-बांगलादेश असा विश्वचषकाचा क्रिकेट सामना वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटावरून दिसूं लागला. भारत पन्नास धावांनीं जिंकला.

रविवारीं महाराष्ट्र मंडळांत गेलों. लंडनचें हें मंडळ १९३२ सालीं निघालें. डॉलिस हिल लेन या रस्त्यावर त्याची स्वतःची वास्तु आहे. हॅरोहून तेथें जावयाचें तर प्रथम मेट्रोपॉलिटन रेल्वे धरावी लागते. जगांतील पहिली भुयारी आगगाडी ती हीच. १८६३ सालीं सुरू झाली. आमचें मुलुंड ज्या मार्गावर आहे, त्या बोरीबंदर-ठाणें मार्गावर आगगाडी धांवली ती त्याच्याही दहा वर्षें आधीं, १८५३ सालीं, हें नातवाला सांगतांना आमची मान थोडी ताठ झाली. मंडळांत गाणें झालें, जेवण झालें. जेवण झाल्यावर पुरुषांनीं खुर्च्या उचलल्या, मेजें पुसलीं, दोघे मोरीशीं भांडीं घेऊन उभे राहिले. बायका कांहीं वेळ बोलत बसल्या. कोणीं कोणाला हुकूम केला नाहीं, व त्यांत विशेष कांहीं केलें असा आविर्भावही कोणाच्या चेहऱ्यावर नव्हता. यांतले बहुतेक पुरुष आपल्याच घरांतून गेलेले. कोणी पार्ल्याचा, कोणी डोंबिवलीचा, कोणी सदाशिव पेठेंतला. त्यांच्या आयांनीं त्यांना येथें असें वाढविलें नव्हतें. त्यावरून एवढें निश्चित होतें कीं, ही गोष्ट रक्तांत नसते. वहिवाटींत असते, आणि वहिवाट बदलतां येते.

येथें रविवार या वाराचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ पासून कामगारांची संघटना उभी करून ती मागणी लावून धरली आणि १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. इंग्लंडांत १८५० च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांतील स्त्रियांचें व तरुण मुलांचें काम शनिवारीं दुपारीं दोनला थांबूं लागलें होतें. पुढें कालांतरानें साराच शनिवार मोकळा झाला. आपल्या महाराष्ट्रांतही २९ फेब्रुवारी २०२० पासून सरकारी कचेऱ्यांना पांच दिवसांचा आठवडा झाला. याप्रमाणें गिरणींतल्या, कचेरींतल्या, शाळेंतल्या माणसाची सुट्टी वाढत गेली. परंतु या सुट्टीच्या दिवशीं घरांतल्या चुलीचें काय होतें? मंडळी घरीं असतात, म्हणून चहाच्या दोन फेऱ्या वाढतात. निवांतपणें जेवावयाचें असतें, म्हणून दोन पदार्थ वाढतात. एकाची सुट्टी ती दुसरीची दुप्पट पाळी.

ही आमची एकट्याची कल्पना नव्हे. भारत सरकारनें २०१९ सालीं देशभर लोकांच्या वेळाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठीं रोज सरासरी २९९ मिनिटें देतात, असें तींत आढळलें. घरकाम करणारे पुरुष देतात ९७ मिनिटें. शिवाय घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरांत एक्याऐंशी, तर पुरुष शंभरांत सव्वीसच. रोजचीं २९९ मिनिटें म्हणजे पांच तासांस एक मिनिट कमी. आणि त्यांत रविवार वगळलेला नाहीं.

यावरून तिकडचें सर्व चांगलें व इकडचें सर्व वाईट, असा निष्कर्ष कोणी काढूं नये. शेजारच्या त्या इंग्रज गृहस्थांपाशीं फुरसत भरपूर होती. ती वाटून घ्यावयास माणूस नव्हतें. 'अवकाश' या संस्कृत शब्दाचे दोन अर्थ आहेत, सवड आणि मोकळी जागा. मोकळ्या जागेंत कोणी आलेंच नाहीं तर ती नुसती पोकळी होते. एकत्र कुटुंबांत माणसें उदंड, पण सवड एका बाजूला सांठलेली. तिकडच्या दोन माणसांच्या घरांत सवड बरोबर वांटलेली, पण माणसें थोडीं. ज्या घरांत माणसेंही आहेत आणि सवडही वांटली जाते, तें घर सर्वांत सुखी. आणि तसें घर करणें आपल्या एकत्र कुटुंबांना अधिक सोपें आहे. दोघांनीं सात वार वांटून घ्यावयाचे तर ओढाताण होते; आठ माणसांत एखादी संध्याकाळ वांटणें अवघड कां असावें?

मुलाच्या मनांत आम्हीं तेथेंच राहावें असें होतें. पण पाहुण्याला तेथें एका खेपेस सहा महिन्यांपर्यंतच राहातां येतें; आणि २०१२ च्या जुलैपासून वृद्ध आईबापांना कायमचें बोलावून घेण्याचे नियम इतके कडक झाले आहेत कीं, स्वतःचें नित्याचें करतां येत नाहीं व मायदेशीं त्याची सोय होऊं शकत नाहीं, असें सिद्ध करावें लागतें. धडधाकट आईबापांना दार बंद! सौ.ना तें ऐकून वाईट वाटलें नाहीं. "आपल्याला घर आहे," असें त्या म्हणाल्या. निघतांना त्यांनीं फ्रीजवरच्या त्या कागदाची एक नक्कल मात्र सूनबाईकडून मागून घेतली.

मुलुंडच्या घरांत आम्ही एकंदर आठ माणसें. थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, पुतण्या, त्याची नोकरी करणारी पत्नी, आणि त्यांचीं दोन मुलें. त्या वर्षींची दिवाळी झाल्यावर सौ.नीं स्वयंपाकघरांतील कपाटाच्या दाराला एक कागद लावला. त्यावर सात रकाने नव्हते, एकच ओळ होती: "रविवार संध्याकाळ — पुरुष मंडळी."

सर्वांत मोठा विरोध थोरल्या वहिनींचा झाला. त्या बहात्तर वर्षांच्या. "पुरुषांनीं ओट्याशीं उभं राहिलेलं बरं दिसतं का? आणि देवाच्या नैवेद्याचं काय?" आम्हीं शास्त्राचा आधार काढला. विराटाच्या घरीं भीमसेन बल्लव होऊन राहिला होता. बाहुकाचें रूप घेतलेल्या नळराजाला दमयंतीनें ओळखलें तें त्याच्या हातच्या अन्नाच्या चवीवरून. आणि आपल्या मुंजींतून आचारी कोण असतात? पुरुषच ना? वहिनी म्हणाल्या, "नळाचं नांव काढूं नका. तो बायकोला रानांत टाकून गेला होता." या कोटीला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. शेवटीं नैवेद्य सकाळचा असतो, संध्याकाळचा प्रश्नच येत नाहीं, या साध्या युक्तिवादानें काम भागलें.

पहिल्या रविवारीं पिठलें-भात झाला. थोरल्या बंधूंनीं लसूण सोलला, पुतण्यानें कांदा चिरला, पिठलें आम्हीं ढवळलें, भांडीं दोघांनीं घांसलीं. वहिनी उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसल्या व मीठ केव्हां घालावयाचें तें सांगत राहिल्या. दुसऱ्या व तिसऱ्या रविवारींही तसेंच. चवथ्या रविवारीं सौ. त्यांना महाराष्ट्र सेवा संघांत व्याख्यानाला घेऊन गेल्या. दोघी साडेआठला परत आल्या, वहिनींनीं चपला काढल्या, हातपाय धुतले, पाटावर बसल्या आणि विचारलें, "जेवायला काय आहे?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून आमच्या घरांत त्यापूर्वीं कोणीं ऐकलेला नव्हता.

हा नेम अद्याप चालूं आहे. लग्नकार्य, आजारपण अशा कारणानें क्वचित् खंड पडतो. पण पुढचा रविवार आला कीं कागदावरची ओळ पुन्हां अंमलांत येते. वाचकांस आमचें सांगणें एवढेंच कीं, आपल्या घरीं असा एखादा अनध्याय ठरवून पाहावा, आणि तो कोणत्या वारीं असावा हें ओट्याशीं उभ्या राहणाऱ्यांनाच विचारावें. कारण आमच्या घरीं आतां नवा प्रश्न उपस्थित झाला आहे. पुतण्याच्या पत्नीचें म्हणणें असें कीं, रविवारीं तिला सुट्टीच असते. तिची खरी दमणूक होते ती बुधवारीं, कचेरींतून गाडीच्या गर्दींतून परत येतांना. तेव्हां कागदावर दुसरी ओळ लिहिली जावी. थोरले बंधु म्हणतात, विचार करूं. वहिनी म्हणतात, विचार कसला करायचा, पिठलं तर आतां तुम्हांला येतं.